जुने घर आणि विकतचा जुनेपणा

वडिलोपार्जित घराची डागडुजी करून त्यात जुने फर्निचर मांडण्याची हौस हल्ली आमच्या वर्ध्याकडील सुशिक्षितांतही दिसू लागली आहे. हौस वाईट नाही. परंतु तिची रीत आम्हांस साफ अमान्य आहे. माजघरातील आजीचे सागवानी फडताळ भंगाराच्या भावाने काढावयाचे आणि मुंबईच्या चोरबाजारातून कोणा परक्याच्या आजोबांची आरामखुर्ची भारी किमतीस आणावयाची, याला वारशाचा अभिमान कसा म्हणावे?

घरचे सामान मोडके असते, असा आक्षेप निघेल. असेल, पण सागवान सहजी कुजत नाही. निखळतात ते सांधे आणि फाटतो तो वेत. दोन्हींची दुरुस्ती होते. त्या कामाचे चार पैसे गावच्या सुताराला मिळाले तर वस्तूबरोबर त्याची विद्याही टिकेल. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्याच मगनवाडीतून कारागिराची हीच बाजू देशापुढे मांडली होती.

जवळच सेवाग्राम आहे. १९३६ साली गांधीजी त्या खेड्यात राहावयास आले. तेथील बापू कुटीत मातीच्या भिंती, चटई आणि बैठे मेज, असे मोजकेच सामान. ते केवळ जुने म्हणून मोलाचे नाही. त्या मेजाशी बसून काम झाले, म्हणून मोलाचे आहे.

तेव्हा बाजार गाठण्यापूर्वी वाचकांनी आपल्या घरचा माळा एकदा पाहावा. बाहेरचे घ्यावयाचेच असेल तर वापरण्यासाठी घ्यावे. पाहुण्यालाही जिच्यावर बसू द्यावयाचे नाही, ती खुर्ची घरात हवी कशाला?