कोपऱ्यावरची रेहडी

शहराचा पत्ता आणि शहराची ओळख या दोन भिन्न गोष्टी आहेत. पत्ता टपालासाठी पुरेसा असतो. ओळख मात्र रोजच्या येण्याजाण्यातून आणि खाण्यापिण्यातून मुरावी लागते. पुण्याच्या पेठांना वारांची नावे मिळाली, कोल्हापूरच्या गल्ल्यांना तालमींची. चंदीगडने क्रमांक पसंत केले. ‘सेक्टर 67’ या नावातून ना ग्रामदैवताचा बोध होतो, ना तळ्याचा, ना वेशीचा. तरीही तेथे चार-सहा महिने राहिलेला माणूस ‘कुलचा कुणाकडचा चांगला?’ या प्रश्नावर ठाम मत देऊ लागतो, तेव्हा त्याच्यापुरती त्या क्रमांकाची वस्ती झालेली असते.

वास्तविक सेक्टर 67 चंदीगडच्या प्रशासकीय हद्दीत नाही. 1 नोव्हेंबर 1966 रोजी पंजाबची पुनर्रचना झाली आणि चंदीगड केंद्रशासित प्रदेश बनले. त्याला लागून पंजाबच्या भूमीवर जे मोहाली, म्हणजे साहिबजादा अजितसिंग नगर, उभे राहिले, त्याने चंदीगडच्याच सेक्टरांचे क्रमांक पुढे चालवले. राष्ट्रीय औषधनिर्माण शिक्षण व संशोधन संस्था, म्हणजे ‘नायपर’, याच सेक्टर 67 मध्ये आहे. अलीकडे विमानतळ मार्गाच्या कडेला भव्य मॉलही उभा राहिला आहे. संशोधक, विद्यार्थी, कार्यालयांतील कर्मचारी, सुरक्षारक्षक, बांधकाम मजूर आणि देशाच्या दुसऱ्या टोकाहून बदलीवर आलेले अधिकारी अशा सर्वांना येथे दुपारी एकच प्रश्न पडतो: आज जेवायचे कुठे?

ल कॉर्बुझिए या वास्तुविशारदाने 1951 पासून चंदीगडचा आराखडा आखताना या प्रश्नाचा विचार केला नव्हता, असे म्हणता येणार नाही. साधारणतः 800 बाय 1200 मीटरचा प्रत्येक सेक्टर दैनंदिन गरजांपुरता स्वयंपूर्ण असावा, ही त्याची कल्पना होती. रस्त्यांचे त्याने सात प्रकार केले. त्यांपैकी चौथ्या प्रकारचा रस्ता बाजाराचा. तो सेक्टरच्या मधून जावा आणि दुकाने सावलीच्या एकाच बाजूस असावीत, म्हणजे गिऱ्हाइकाला रस्ता ओलांडावा लागू नये, इतका बारीक विचार त्यामागे होता. मात्र या विचारात दुकान होते ते पक्क्या बांधकामाचे. ज्याच्यापाशी गाळ्याचे भाडे भरण्याइतके भांडवल नाही, तरीही ज्याच्या हाताला चव आहे, अशा माणसासाठी आराखड्यात रेघ ओढलेली नव्हती.

ती रेघ त्या माणसाने स्वतः ओढली. उत्तरेत हातगाडीला ‘रेहडी’ म्हणतात. शहराचे बांधकाम चालू असल्यापासून मजुरांच्या आणि नव्या रहिवाशांच्या गरजा रेहडीनेच भागवल्या. मधु सरीन यांनी 1982 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासग्रंथात नियोजनाबाहेर राहिलेल्या या विक्रेत्यांचा व वस्त्यांचा सविस्तर मागोवा घेतला आहे. देशातील सर्वांत काटेकोर नियोजनाच्या शहरातही रेहडी उगवली, याचा अर्थ इतकाच की ती गरजेतून आली होती.

या गरजेचे स्वरूप समजून घ्यायचे तर मटरा-कुलच्याकडे पाहावे. मसालेदार, मऊ शिजवलेला वाटाणा, त्यावर कांदा, लिंबू, हिरवी मिरची आणि सोबत तव्यावर गरम केलेले दोन कुलचे. मुंबईच्या रगड्याचे हे उत्तरेकडचे भावंडच. कुलचा आयता मिळतो, वाटाणा पहाटे शिजवून ठेवता येतो. त्यामुळे एका माणसाला, एका शेगडीवर, दुपारच्या दोन तासांत कित्येकांना जेवू घालता येते. वडापावाची जन्मकथा याहून निराळी नाही. दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी 1966 च्या सुमारास वडापावाची गाडी सुरू केली, असे सांगितले जाते. तेथेही पाव आयता होता, वेळ थोडा होता आणि गिऱ्हाईक गिरणीकडे किंवा गाडीकडे निघालेले होते. कष्टकरी शहरे आपापल्या भाषेत एकच पदार्थ पुन्हापुन्हा शोधून काढतात.

कुलच्याच्या जोडीला राजमा-चावल, कढी-चावल आणि लोण्याचा गोळा घातलेला पराठा असतो. उन्हाळ्यात लस्सी आणि गोटीसोडा, धुक्याच्या थंडीत निखाऱ्यावर भाजलेली रताळी, मक्याची रोटी व सरसोंचा साग, म्हणजे मोहरीच्या पाल्याची भाजी. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला आरंभी यात सारे जड वाटते. आमटीतला गूळ आणि ज्वारीची भाकरी तो मनात आळवत राहतो. पुढे हळूहळू त्याची मते बनू लागतात. अमक्याचा वाटाणा अधिक शिजलेला, तमक्याची चटणी आंबट, पराठा खावा तर रात्री, चहात वेलची हवीच. ही मते क्षुल्लक वाटतात. परंतु परक्या शहरात ज्याला वादासाठी कुलचा सापडला, त्याला बोलायला माणूसही सापडतो. मॉलमधील खाद्यदालनात हे घडणे कठीण. तेथील पदार्थ वाईट असतो असे नाही. पण देणारा रोज बदलतो आणि ‘आज मिरची कमी’ हे त्याला न सांगता कळत नाही.

म्हणूनच रेहडीकडे केवळ अतिक्रमण म्हणून पाहण्याची दृष्टी अपुरी आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये सोदान सिंग प्रकरणात रस्त्यावरील व्यापार हा वाजवी निर्बंधांच्या अधीन राहून व्यवसायस्वातंत्र्याचा भाग असल्याचे मान्य केले. त्यानंतर 2014 मध्ये पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा केंद्रीय अधिनियम आला. सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही विक्रेत्यास हटवू नये, लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांच्या मर्यादेत विक्रेत्यांना सामावून घ्यावे, नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले असावेत, अशा तरतुदी त्यात आहेत. पण कायद्याने दिलेली जागा आणि धंद्याला लागणारी जागा एकच असते असे नाही. डिसेंबर 2019 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर चंदीगडच्या सेक्टर 17, 19 व 22 सारख्या गजबजलेल्या बाजारांतील विक्रेते हलवून त्यांना नेमून दिलेल्या विक्री क्षेत्रांत पाठवण्यात आले. तेथे गिऱ्हाईक फिरकत नाही, ही अनेकांची तक्रार होती. ती समजण्याजोगी आहे. दुपारच्या अर्ध्या तासाच्या सुटीत कोणताही कर्मचारी कुलच्यासाठी दोन किलोमीटर जात नाही.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. पदपथ चालणाऱ्यांसाठी असतो. ज्येष्ठांना आणि अपंगांना रेहडीमुळे रस्त्यावर उतरावे लागत असेल, तर ते समर्थनीय नाही. भाडे आणि कर भरणाऱ्या दुकानदाराच्या दारातच स्पर्धा उभी राहावी, हेही न्याय्य नाही. उघड्यावरचे पाणी आणि पुन्हापुन्हा तापवलेले तेल यांचा प्रश्न तर थेट आरोग्याचा आहे. मात्र या तिन्ही तक्रारींचा उपाय नियोजनाच्या कक्षेतलाच आहे. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी मुंबईच्या पदपथांच्या कडेला पाण्याचे नळ असलेले ओटे बांधण्याची कल्पना मांडली होती. दिवसा त्यावर फेरीवाले बसावेत आणि पादचाऱ्यांची वाट मोकळी राहावी. अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठच्या विक्रेत्यांना 2018 मध्ये स्वच्छ पथखाद्य केंद्राचा दर्जा मिळाला. नळ, निचरा, कचऱ्याची सोय आणि जागेची खात्री मिळाली की स्वच्छता राखणे विक्रेत्याच्याच हिताचे ठरते. उद्या हटवले जाण्याची भीती असलेला माणूस आज पोलादी टेबल विकत घेत नाही.

येथेच हा विषय बँकिंगशी येऊन भिडतो. 1 जून 2020 रोजी सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेने पथविक्रेत्याला तारणाविना खेळते भांडवल देऊ केले. आरंभी पहिल्या हप्त्याचे कर्ज 10,000 रुपये होते. ऑगस्ट 2025 मध्ये योजनेची पुनर्रचना होऊन कर्जाचे तीन टप्पे 15,000, 25,000 व 50,000 रुपये असे झाले आणि कर्जवाटपाची मुदत 31 मार्च 2030 पर्यंत वाढली. वेळेवर परतफेड करणाऱ्याला 7 टक्के व्याज अनुदानही आहे. 15,000 रुपये वर्षभरात फेडायचे तर मुद्दल महिन्याला 1,250 रुपये, म्हणजे दिवसाला सुमारे 42 रुपये होते. एक-दोन प्लेटांच्या विक्रीइतके. याउलट एखाद्या सावकाराकडून सकाळी 1,000 रुपये उचलून संध्याकाळी 1,100 परत करावे लागले, तर ते व्याज दिवसाला दहा टक्के पडते. या सापळ्यातून विक्रेत्याची सुटका करणे, हे या छोट्या कर्जाचे खरे कार्य.

परंतु या कर्जाला एक अदृश्य तारण असते, आणि ते म्हणजे जागा. रेहडीवाल्याची पत त्याच्या गाडीत किंवा भांड्यांत नसते; ती रोज ठरावीक वेळी ठरावीक कोपऱ्यावर येणाऱ्या गिऱ्हाइकांत असते. कोपरा गेला की गिऱ्हाईक जाते, आणि त्यामागोमाग हप्ता थकतो. एक यंत्रणा कर्ज मंजूर करते आणि दुसरी जागा नामंजूर करते, तेव्हा प्रामाणिक कर्जदारही थकबाकीदार ठरतो. विक्री प्रमाणपत्र हाती असलेल्या विक्रेत्याला हलवायचेच असेल, तर कायद्याप्रमाणे तीस दिवसांची नोटीस मिळावी, नवी जागा गिऱ्हाइकाच्या वाटेवर असावी आणि हप्त्यांच्या पुनर्रचनेचा विचार बँकेने त्याच वेळी करावा. महानगरपालिका व बँक यांच्यात इतका संवाद घडवणे अवघड नाही.

ग्राहकाच्या हातातही बरेच काही आहे. क्यूआर संकेत स्कॅन करून दिलेले तीस-चाळीस रुपये विक्रेत्याच्या खात्यात व्यवहाराची नोंद म्हणून उमटतात, आणि पुढच्या कर्जाच्या वेळी हीच नोंद त्याच्या बाजूने बोलते. स्वच्छ हात, झाकलेले अन्न व शुद्ध पाणी यांचा आग्रह धरणारा नेहमीचा गिऱ्हाईक हा कोणत्याही निरीक्षकाइतकाच प्रभावी असतो. शाखेतील कर्मचाऱ्यानेही दारात आलेल्या रेहडीवाल्याचा अर्ज अपूर्ण म्हणून परत करण्यापूर्वी त्याला शिफारसपत्राची वाट दाखवावी. दुपारी ज्याच्या हातचा कुलचा शाखेतील निम्मे लोक खातात, त्याच्या व्यवसायाची पडताळणी त्यांनी रोजच केलेली असते.

नियोजनकारांनी सेक्टरला रस्ते, झाडे, प्रकाश आणि क्रमांक दिला. त्या क्रमांकाला आपलेपण देण्याचे काम वाटाण्याच्या वाफेने आणि चहाच्या उकळीने केले. पुढचा आराखडा आखताना, मग तो मोहालीचा असो वा महाराष्ट्रातील एखाद्या नव्या वसाहतीचा, प्रत्येक बाजाररस्त्यावर रेहडीसाठी नळासह काही ओटे आधीच दाखवले जावेत. त्यांचा खर्च अल्प असेल, आणि त्यांच्या भरवशावर दिलेले कर्ज परत येण्याची शक्यता अधिक असेल.