मंडप नको, माणूस नेमा

३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंहस्थाचं ध्वजारोहण आणि २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. घाट, पूल, रिंगरोड, साधुग्राम यांच्या निविदांवर नाशिकमध्ये भरपूर बोललं जातं. मला एका नोकरीविषयी बोलायचं आहे. संसर्गजन्य रोगांवर संशोधन करायचं ठरवलेल्या डॉक्टरला या शहरात पंचवीस-तीस वर्षं टिकून काम करता यावं, अशी नोकरी.

१. या शहरात डॉक्टर घडवणाऱ्या संस्थांची वाण नाही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झालं, ते म्हसरूळला दिंडोरी रस्त्यावर आहे. राज्यभरच्या संलग्न वैद्यकीय महाविद्यालयांच्या परीक्षा तिथून होतात, त्यांतल्या एमडी-एमएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याचा प्रबंध त्याच विद्यापीठाकडे जातो. आडगावला आणि इगतपुरी तालुक्यात खासगी महाविद्यालयं आहेत. ९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यातल्या ज्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यांत नाशिकचंही होतं. तरीही विषाणूंचा अभ्यास म्हटला की मुलं पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था नाहीतर परळचं हाफकिन, एवढीच नावं घेतात. राज्यभराचे निकाल लावणाऱ्या गावाला हे शोभत नाही.

२. घरच्यांची बाजूही समजून घ्या. एमबीबीएसला इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं, एमडीला तीन. तोवर मुलगी तिशीला येते. तिच्याच बॅचचा रेडिओलॉजिस्ट गंगापूर रोडला सेंटर टाकतो आणि ही सूक्ष्मजीवशास्त्राची एमडी एखाद्या प्रकल्पात अकरा महिन्यांच्या करारावर सही करते. प्रकल्पाचा निधी संपला की पदही संपलं. अशा शाखांकडे कोण वळणार? २०२३ मध्ये नीट-पीजीचा कटऑफ थेट शून्य पर्सेंटाइलवर आणावा लागला, कारण जागा रिकाम्या राहत होत्या, आणि त्यांत सूक्ष्मजीवशास्त्रासारख्या बिगर-क्लिनिकल शाखांचा भरणा मोठा. ‘आजच्या पिढीला सेवाभाव नाही’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा तो करारनामा वाचावा.

३. संसर्गजन्य रोगांचा संशोधक नेमकं करतो काय? समजा, पंचवटीतल्या एका गल्लीतून दोन दिवसांत जुलाबाचे पाच रुग्ण आले. डॉक्टर सलाईन लावतो, रुग्ण बरा होऊन घरी जातो. संशोधकाचं काम त्याआधीच सुरू झालेलं असतं. अँटिबायोटिक पोटात जाण्यापूर्वी शौचाचा नमुना घ्यायचा, कॅरी-ब्लेअर माध्यमात घालून प्रयोगशाळेत पोचवायचा आणि टीसीबीएसच्या हिरव्या थाळीवर लावायचा. दुसऱ्या दिवशी थाळीवर पिवळ्या, चपट्या वसाहती उगवल्या की पटकीचा संशय; मग खात्रीच्या चाचण्या. तेवढ्या वेळात दुसरं कुणी गल्लीत वही घेऊन फिरत असतं: पाणी कुठल्या नळाचं, टँकर कधी आला, जेवण कुठं झालं, जलवाहिनी गटाराला कुठं चिकटते. नमुना घ्यायला एक दिवस उशीर झाला, डॉक्सीसायक्लिनची गोळी आधीच घेतलेली असली, की थाळी कोरी राहते. कागदावर ‘गॅस्ट्रो’ लिहून प्रकरण मिटतं आणि पाइप तसाच गळत राहतो.

४. पुणे दोनशे किलोमीटरवर आहे, नमुने तिकडे पाठवता येतात, मग इथं वेगळं कशाला, असा प्रश्न येईल. अहवाल पुण्याहून येईल, पण गल्ली पुण्याला पाठवता येत नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबई-भिवंडीबरोबर मालेगावातही गोवर पसरला. गोवरावर उत्तम लस असताना ती मुलांपर्यंत का पोचली नाही, याचं उत्तर पुण्यातल्या सूक्ष्मदर्शकात सापडणार नाही. त्यासाठी मालेगावात वर्षानुवर्षं जाणारं, घरोघरी ओळखीचं कुणीतरी लागतं.

५. आपला सिंहस्थ भर पावसात येतो, हे विसरून चालणार नाही. प्रयागचा मेळा थंडीतला. इथं श्रावण-भाद्रपदात गंगापूर धरणातून विसर्ग सोडला की दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर पाणी चढलं यावर पुराचं माप काढतात. गढूळ पाणी, तुंबलेली गटारं, डेंग्यूचे डास आणि खोकणारी गर्दी हे सगळं एकाच वेळी. मेळ्यांतल्या साथींचा इतिहास जुना आहे: १७८३ च्या हरिद्वार मेळ्यात पटकीनं आठवडाभरात सुमारे वीस हजार यात्रेकरू दगावल्याची नोंद आहे. अलाहाबादच्या २०१३ च्या कुंभात हार्वर्डच्या गटानं तात्पुरत्या दवाखान्यांतल्या बाह्यरुग्णांच्या नोंदी टॅबलेटवर घेतल्या, त्यामुळे कुठल्या भागात कुठला आजार वाढतोय हे लगेच पाहता आलं. चांगलं काम होतं. पण मेळा उठला की पाहुणे परत जातात. आपल्याकडे अशा नोंदी बारा वर्षं सांभाळणारा कोण?

६. संशोधकाला पगाराइतकंच संरक्षण लागतं. वाल्देमार हाफकिन १८९६ च्या प्लेगमध्ये मुंबईत आला, ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तोकड्या जागेत तीन महिन्यांत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढं १९०२ मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावी लस घेतलेले १९ जण धनुर्वातानं मेले. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिनला पदावरून दूर व्हावं लागलं. बाटली गावात उघडताना दूषित झाल्याचे पुरावे होते, रोनाल्ड रॉससारख्यांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहिलं, १९०७ मध्ये तो निर्दोष ठरला. पण परळची जागा त्याला पुन्हा मिळाली नाही. परत आला तो कलकत्त्याला. संस्थेला त्याचं नाव १९२५ मध्ये मिळालं. साहेबाच्या राज्यात जगप्रसिद्ध माणसाची ही गत. मग ‘रामकुंडाच्या पाण्यात अमुक जंतू आहेत’ असं ऐन पर्वणीत लिहिणाऱ्या कंत्राटी मुलीचं काय होईल, याची कल्पना करा. तिचा करार कुणाच्या सहीवर अवलंबून आहे, हाच खरा मुद्दा.

७. मागणी साधी आहे. नव्या शासकीय महाविद्यालयात संसर्गजन्य रोगांचा कायमस्वरूपी संशोधन विभाग हवा: सूक्ष्मजीवतज्ज्ञ, साथरोगतज्ज्ञ, कीटकतज्ज्ञ, संख्याशास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञ, सगळी पदं मंजूर आणि निवृत्तिवेतनासह. सिव्हिल आणि बिटको रुग्णालयांच्या तसंच महापालिकेच्या नोंदी रोज त्यांच्यापर्यंत याव्यात. गोदावरीच्या पाण्याचे आणि साथींचे निष्कर्ष कुणाच्या परवानगीशिवाय जाहीर करण्याचा अधिकार त्यांना लेखी मिळावा. विद्यापीठानंही संसर्गजन्य रोगांवरचे प्रबंध कपाटाबाहेर काढून त्यांच्या हाती द्यावेत.

सिंहस्थाच्या हजारो कोटींच्या आराखड्यात या पदांचा पगार कुठंही बसेल. पद मंजूर होऊन माणूस खुर्चीत बसायला किती काळ जातो, हे नाशिककरांना सांगायला नको. जिल्ह्यातल्या आमदारांनी हा विषय येत्या अधिवेशनातच मांडावा, आणि आपापल्या आमदाराला तसं पत्र वाचकांनी आजच लिहावं.