किर्रर्र... कनेक्टेड!

परवा आमच्या ऑफिसचं वाय-फाय २० मिनिटं झोपलं. फक्त २० मिनिटं! पण काय सांगू, अख्खा फ्लोअर सैरभैर. कोणी कॉफी मशीनकडे पळालं, कोणी गच्चीत गेलं, दोघं-तिघं तर चक्क शेजारच्या माणसाशी बोलायला लागले. मी आपला सवयीने ओरडलो, ''अरे, कोणीतरी मोडेम बंद करून चालू करा!'' त्यावर आमच्या टीममधली सगळ्यात धाकटी पोरगी, जन्म २००१ चा, अगदी निरागसपणे म्हणाली, ''मोडेम म्हणजे तो भिंतीवरचा पांढरा डबा ना? त्याला राऊटर म्हणतात.''

झाला का पोपट?

आता हिला कसं सांगू, की बाई, ज्या वर्षी तू जन्मलीस त्या वर्षी मी माझ्या हाताने मोडेम बसवला होता. भिंतीवर नाही, कॉम्प्युटरच्या पोटात. आणि तो चालू झाला की अख्ख्या बिल्डिंगला कळायचं. तिकडे अमेरिकेत 'एओएल'ने ३० सप्टेंबर २०२५ ला आपली डायल-अप सेवा बंद केली, तेव्हा पेपरात चार ओळींची बातमी वाचून मी उगाच दोन मिनिटं गप्प बसलो होतो. बायकोने विचारलं, ''कोण गेलं?'' म्हटलं, ''ओळखीचं होतं एक.''

तर ऐका.

२००१ साली मी ग्रॅज्युएट होऊन ठाण्याच्या घरी बसलो होतो. डॉट कॉमचा फुगा आदल्याच वर्षी फुटला होता, नोकऱ्यांचा दुष्काळ होता. त्यात जाहिरातींमध्ये पत्त्याच्या जागी ई-मेल आयडी यायला लागले होते. म्हणजे बायोडेटा पाठवायचा तर सायबर कॅफे गाठा. प्लायवूडच्या खुराड्यात बसा, 'ए' पुसलेल्या की-बोर्डवर टायपा आणि एक डोळा घड्याळावर ठेवा. घरी असेम्बल केलेला पीसी होता. विंडोज ९८, ६४ एमबी रॅम, त्या काळी आपली कॉलर टाइट करणारं मशीन. पण त्यावर मी काय करायचो? सॉलिटेअर!

शेवटी बाबांना पटवलं. ''बाबा, नेट घेऊ या. नोकरीसाठी हवंय.'' हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ठाण्याहून दादर, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून चालत लॅमिंग्टन रोड. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, ''एक्स्टर्नल की इंटर्नल?'' एक्स्टर्नल म्हणजे टेबलावर ठेवायचा डबा, लुकलुकणारे लाल दिवे, जाम भारी दिसायचा आणि जाम महाग पडायचा. इंटर्नल म्हणजे नुसतं कार्ड. त्यातही दोन जाती. एकात मोडेमची सगळी अक्कल कार्डावरच असायची. दुसरा विनमोडेम. त्याच्याकडे स्वतःची अक्कल जेमतेम, सगळी आकडेमोड तो कॉम्प्युटरच्या प्रोसेसरकडून करून घ्यायचा. म्हणून स्वस्त, आणि म्हणूनच आपण एखादा जड गेम उघडला की लाइन सोडून द्यायचा. मी कुठला घेतला असेल? बरोबर. घरातल्या पैशाने घेताना माणूस विनमोडेमच घेतो.

रविवारी सकाळी ऑपरेशन सुरू. प्लग काढला, कॅबिनेटचं झाकण उघडलं. आधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावायचा, म्हणजे अंगावरची स्टॅटिक वीज तिथे उतरते, नाहीतर कार्डाची वाट लागते. हा फंडा दुकानदाराने फुकट दिला होता. मग मागची पत्र्याची पट्टी काढून पांढऱ्या पीसीआय स्लॉटमध्ये कार्ड सरळ दाबायचं, सोनेरी दात पूर्ण आत जाईपर्यंत. एक स्क्रू. बस्स. पाच मिनिटांत काम फत्ते. आई दारात उभी राहून म्हणाली, ''परत चालू होईल ना रे?''

झाला चालू, पण खरा लोचा पुढेच होता. विंडोजने नवं हार्डवेअर ओळखलं आणि ड्रायव्हर मागितला. सीडीवर दहा फोल्डर आणि कार्डावर कंपनीचं नावच नाही! शेवटी परत झाकण उघडून टॉर्चच्या उजेडात मोठ्या चिपवरची बारीक अक्षरं वाचली आणि त्या नावाचं फोल्डर शोधलं. कारण बाहेरचा खोका कोणाचाही असो, ड्रायव्हर लागतो तो चिपचा. माणसांचंही तसंच असतं, पण ते जाऊ दे.

ड्रायव्हर गेला, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह. म्हणजे भांडण. त्या काळच्या पीसीत आयआरक्यू नावाच्या १६ घंटा असायच्या. ज्याला प्रोसेसरचं लक्ष हवं त्याने आपली घंटा वाजवायची. माझ्या मोडेमला आणि साउंड कार्डला एकच घंटा मिळाली होती आणि दोघांना ती वाटून घेता येत नव्हती. उपाय? पुन्हा प्लग काढा आणि मोडेमला शेजारच्या स्लॉटमध्ये हलवा. जागा बदलली, घंटा बदलली, भांडण मिटलं. मग कंट्रोल पॅनलमध्ये मोडेम्स, तिथे डायग्नोस्टिक्स, आणि मोडेमने पहिल्यांदा 'ओके' असं उत्तर दिलं. काय आनंद झाला होता! आपल्याला कोणीतरी हो म्हणालं होतं, आणि त्या वर्षी तसं फारसं कोणी म्हणत नव्हतं.

डायल केलं, तर 'नो डायल टोन'. मागे दोन भोकं असतात, 'लाइन' आणि 'फोन'. भिंतीतली वायर 'लाइन'मध्ये, फोनचं डबडं 'फोन'मध्ये. मी उलटं केलं होतं. सुलटं केलं, तरी तेच. मग मामेभावाने फोनवर मंत्र दिला, एक्स ३. हे मोडेम बाहेरच्या देशांतल्या डायल टोनला कान लावून बसायचे. आपल्या एक्स्चेंजचा टोन त्यांना ओळखू यायचा नाही. एक्स ३ म्हणजे टोनची वाट बघू नकोस, सरळ नंबर फिरव. अशी सगळी फर्मानं 'एटी'ने सुरू व्हायची, एटी म्हणजे अटेन्शन. १९८१ च्या हेज स्मार्टमोडेमपासून चालत आलेली ही भाषा. विंडोजमध्ये 'एक्स्ट्रा सेटिंग्ज' नावाची एक चौकट होती, त्यात एवढंच टाकायचं.

आणि मग तो आवाज. नंबर फिरल्याची टिकटिक, एक लांब शीळ, मग किर्रर्र, खर्रर्र, जणू कोणी पत्र्यावर वाळू ओततंय. त्या सुरुवातीच्या शिळेचा अर्थ मला फार नंतर कळला. २१०० हर्ट्‌झची ती शीळ पलीकडचा मोडेम वाजवतो. लांबच्या लाइनवर माणसांना स्वतःच्या आवाजाचा प्रतिध्वनी ऐकू येऊ नये, म्हणून टेलिफोनवाल्यांनी यंत्रणा बसवलेली असते. ती शीळ त्या यंत्रणेला सांगते, की बाजूला व्हा, आता या लाइनवर माणसं बोलत नाहीयेत. पुढची खरखर म्हणजे दोन मोडेमची घासाघीस. लाइन किती खराब आहे, किती वेग झेपेल, यावर.

खोक्यावर ५६ के लिहिलेलं. एक्स्चेंज आपल्या आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतं, प्रत्येक नमुना ८ बिटचा. मोडेमवाल्यांनी त्यातले ७ धरले, म्हणून ५६,०००. तेही फक्त येताना. जाताना जास्तीत जास्त ३३,६००. मला मिळाले ४१,३३३. एक एमपीथ्री गाणं उतरायला पाऊण लेक्चरएवढा वेळ लागल्यासारखं वाटायचं, प्रत्यक्षात १५ मिनिटं. मी राजा होतो!

फक्त एक अडचण होती. नेट रात्री बरं चालायचं आणि रात्री त्या किर्रर्रने बाबा उठायचे. ''झालं का तुझं सुरू?'' आतून आवाज यायचा. मग मला दुसरा मंत्र सापडला. एटीएम झिरो. पैसे काढायचा नव्हे! एम म्हणजे मोडेमचा स्पीकर, झिरो म्हणजे बंद. एक्स ३ च्या पुढे एम ० टाकलं आणि घर शांत. मी कधी ऑनलाइन जातो, कधी येतो, कोणालाच कळेना. बिल आलं की कळायचं, पण ते दोन महिन्यांनी.

ती रात्र नोव्हेंबरमधली. ११ वाजता कनेक्ट झालो, २ वाजून गेल्यावर उठलो. त्या रात्री मी एकही बायोडेटा पाठवला नाही. याहू मेसेंजरवर नाशिकच्या एका मुलीशी गप्पा मारत होतो. ती खरंच मुलगी होती का, नाशिकची होती का, देव जाणे. पीसी बंद केला आणि झोपलो.

पहाटे साडेपाचला बेल वाजली. दारात समोरच्या काकू. साताऱ्याहून त्यांच्याकडे फोन आला होता. बाबांचे थोरले भाऊ गेले होते. हार्ट अटॅक. साडेअकराला दवाखान्यात नेलं, पावणेबारापासून आमचा नंबर लावत होते. एंगेज. साडेबाराला एंगेज. दीडला एंगेज. त्यांना वाटलं, रिसीव्हर नीट ठेवला नसेल. घरात मोबाइल नव्हता. २००१ साली येणाऱ्या कॉललाही पैसे पडायचे, तो आमच्यासारख्यांच्या घरात नसायचाच. सव्वातीनला काका गेले. त्या गडबडीत काकूंच्या घरचा नंबर कुठल्याशा जुन्या डायरीत पहाटे सापडला.

मी आतल्या दारात उभा होतो. बाबांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि पिशवी भरायला घेतली. काही बोलले नाहीत. एसटीत मी शेजारी बसलो होतो. पनवेल गेलं, लोणावळा गेलं. पुण्याच्या अलीकडे ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, ''पावणेबाराला कळलं असतं तरी साडेपाच-सहाच्या आधी पोचलो नसतो. मी हिशोब केला.''

हिशोब बरोबर होता. मीही तोच करत बसलो होतो. पण साताऱ्यात काकी कोणालातरी सांगत होत्या, ते दोनपर्यंत छान बोलत होते हो. दवाखान्यात टेबलावर फोन होता. बाबा तेव्हा तिथेच उभे होते. त्यांनीही ऐकलं, मीही ऐकलं. त्या वाक्याचा हिशोब आम्ही दोघांनी आजवर एकमेकांसमोर मांडलेला नाही.

तेराव्यानंतर घरी आलो. मी ठरवलं होतं, कार्ड काढून टाकायचं. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कॅबिनेटसमोर बसलो, तर बाबा मागे येऊन उभे. म्हणाले, ''काढू नकोस. तुला नोकरी शोधायचीय.'' मग थोडं थांबून, ''फक्त तो आवाज परत चालू कर.''

मी एक्स्ट्रा सेटिंग्जमध्ये जाऊन झिरोच्या जागी एक टाकलं. एटीएम वन. त्या रात्री किर्रर्र झालं, खर्रर्र झालं, आणि आतून बाबांचा आवाज आला, ''झालं का तुझं सुरू?'' म्हटलं, ''हो बाबा, अर्धा तास.'' बरोबर अर्ध्या तासाने उठलो. पुढच्या मार्चमध्ये नोकरी लागली, त्याच मोडेमवरून पाठवलेल्या बायोडेटावर.

२००५ मध्ये ब्रॉडबँड आलं. त्याच वायरवर फोनही चालायचा आणि नेटही. कोणी कोणाला अडवेना. कार्ड अजून माळ्यावर एका डब्यात आहे.

ऑफिसात वाय-फाय आलं आणि ही सगळी गोष्ट अर्धवटच राहिली. त्या पोरीला मी एवढंच सांगितलं, की मोडेम म्हणजे आवाज करणारा राऊटर. ती म्हणाली, ''बापरे, सायलेंटवर नाही टाकता यायचा?''

यायचा की.

आता माझा मोबाइल रात्री ११ नंतर डू नॉट डिस्टर्बवर जातो. सगळे ग्रुप, सगळी अ‍ॅप्स, बॉससुद्धा गप्प. एकच नंबर त्यातून वगळलेला आहे. बाबा आता ७८ वर्षांचे आहेत, ठाण्यालाच असतात आणि पहाटे ५ वाजून ४० मिनिटांनी न चुकता गुलाबाचं फूल आणि गुड मॉर्निंग पाठवतात. टिंग! बायको दचकून उठते. म्हणते, ''अहो, निदान त्यांचा मेसेज तरी म्यूट करा.''

नाही करत.