अंगावर काढलेला ताप आणि लाखाची गाळणी

सांगली-मिरजेत काय, कराड-साताऱ्यात काय, अतिदक्षता विभागाच्या दाराशी बसलेल्या नातेवाइकांच्या तोंडी एक शब्द हल्ली वारंवार ऐकू येतो. "रक्त शुद्ध करायला लागंल म्हणत्यात." कुणी "रक्त धुवायचं" म्हणते, कुणी "फिल्टर लावायचा" म्हणते. पाठोपाठ रक्कम येते. एका गाळणीला लाखाच्या आसपास, आणि एक पुरेलच असे नाही. सही करायला मिळतो अर्धा तास.

हा विषय आपल्या अंकात कशाला, असे काहींना वाटेल. पण रक्तात जंतुदोष भिनून रक्तदाब कोसळतो, ज्याला डॉक्टर सेप्टिक शॉक म्हणतात, त्या अवस्थेला बाई ज्या वाटांनी पोचते त्या वाटा खास बाईच्या आहेत. बाळंतपणात आत राहिलेला वारेचा तुकडा, सिझेरियनची चिघळलेली जखम, चोरून केलेला गर्भपात, उसाच्या फडात दिवसभर लघवी दाबून ठेवल्याने मूत्रपिंडापर्यंत चढलेला संसर्ग, भाजलेले अंग. 'दि लॅन्सेट'मध्ये २०२० साली आलेल्या अंदाजानुसार २०१७ या एका वर्षात जगात ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख लोक त्यात दगावले. सेप्सिस होण्याचे प्रमाण बायकांत पुरुषांपेक्षा जास्त आढळले.

आधी हा उपचार म्हणजे काय ते समजून घेऊ. जंतूंशी लढताना शरीर स्वतःच इतके पेटते की त्या आगीत मूत्रपिंड, फुप्फुस, यकृत होरपळतात. रक्तातली जंतूंची विषे आणि शरीराने सोडलेली दाहक द्रव्ये बाहेरच्या बाहेर काढून टाकली तर आग विझेल, ही कल्पना. रक्त नळीने बाहेर काढून एका नळकांड्यातून फिरवायचे आणि परत शरीरात सोडायचे. पॉलिमिक्सिन हे औषध तंतूंवर चिकटवलेली गाळणी जपानमध्ये १९९४ पासून वापरात आहे. दाहक द्रव्ये शोषणारी 'सायटोसॉर्ब' ही गाळणी मे २०२० मध्ये गंभीर कोविड रुग्णांसाठी भारतात मंजूर झाली आणि आपल्याकडे हे नाव घरोघरी नसले तरी रुग्णालयोरुग्णालयी पोचले. मूत्रपिंड बंद पडल्यावर करतात ते डायलिसिस वेगळे. त्याने प्राण वाचतात, त्याला नाही म्हणू नये. दोन्ही मशीन सारखीच दिसतात आणि नातेवाइकांना फरक कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

आता परिणामाकडे पाहू. मी डॉक्टर नाही, समाजकार्य शिकलेली बाई आहे. पण छापून आलेले आकडे कुणालाही वाचता येतात. २००९ साली इटलीत ६४ रुग्णांवर पॉलिमिक्सिनच्या गाळणीचा प्रयोग झाला आणि आशा वाढली. २०१५ साली फ्रान्समधल्या मोठ्या प्रयोगात ती टिकली नाही. मग अमेरिका आणि कॅनडातल्या ५५ रुग्णालयांत ४५० रुग्णांवर प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २०१८ साली आला: गाळणी लावलेल्यांत २८ दिवसांत शंभरातले ३७.७ दगावले, न लावलेल्यांत ३४.५. म्हणजे फायदा दिसला नाही. दाहक द्रव्यांच्या गाळणीबद्दल जर्मनीतला २०२१ चा एक छोटा प्रयोग आहे, कृत्रिम फुप्फुसावर ठेवलेल्या कोविड रुग्णांवरचा. गाळणी लावलेल्या १७ पैकी ३ जगले, न लावलेल्या १७ पैकी १३. प्रयोग लहान आहे, आजारही वेगळा. पण घाबरवण्याइतका आकडा आहे. सेप्सिसच्या उपचारांची जागतिक मार्गदर्शक तत्त्वे २०२१ मध्ये सुधारली, त्यांत पॉलिमिक्सिनची गाळणी वापरू नये असे सुचवले आहे आणि बाकीच्या रक्तशुद्धीबद्दल पुरेसा पुरावा नाही असे म्हटले आहे. निवडक रुग्णांना उपयोग होईल का याचा शोध चालू आहे आणि तो चालू राहावा. पण प्रयोग आणि उपचार यांतला फरक सही घेणाऱ्याने सांगायला नको का?

वारेचा तुकडा आत तसाच ठेवून रक्त गाळणे म्हणजे आडात मेलेले जनावर तसेच ठेवून घागरीच्या तोंडाला फडके बांधणे. शिवाय फडके चांगले-वाईट निवडत नाही. काही अँटिबायोटिक औषधेही या गाळणीत अडकून जातात.

'शुद्ध' या शब्दाचीही मला गंमत वाटते. आपल्याकडे बाईचे रक्त अशुद्ध ठरवायला कुणाला प्रयोगशाळा लागली नाही. पाळीचे अशुद्ध, बाळंतपणाचे अशुद्ध, दहा दिवस कोपऱ्यात खाट. त्यामुळे "तिचं रक्त खराब झालंय, शुद्ध करायचंय" हे वाक्य सासूला, नवऱ्याला, दिराला चटकन पटते. "तिला चार दिवस ताप होता, तेव्हा कुणी नेलं नाही" हे वाक्य तितके पटत नाही.

वाळवा तालुक्यातली एक बाळंतीण मला आठवते. बाळंत होऊन सहावा दिवस, थंडी वाजून ताप, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास. "बाळंतिणीला ताप यायचाच, दूध उतरतंय" म्हणून दोन दिवस काढा. तिसऱ्या दिवशी गावातला डॉक्टर, एक इंजेक्शन. चौथ्या दिवशी ती बडबडू लागली तेव्हा गाडी शोधली. पहिल्या रुग्णालयाने बी.पी. पाहून पुढे जा म्हटले. सलाईन नाही, अँटिबायोटिक नाही, चिठ्ठीवर वेळही नाही. दुसऱ्या ठिकाणी अनामत भरेपर्यंत आणखी दोन तास. मग तिसऱ्या दिवशी तिथे गाळणीचा विषय निघाला. सासरचे म्हणाले माहेरच्यांना बोलवा. भावाने बैल आणि आईच्या पाटल्या विकून गाळणी आणली. बाई गेली. भावाच्या डोक्यावर कर्ज आहे आणि मनात हे, की दुसरी गाळणी आणता आली असती तर.

आमच्या बैठकीत यावरून चांगलेच वाजले. एका मैत्रिणीचे म्हणणे असे: नवऱ्यासाठी रान गहाण पडते, सुनेच्या वेळी मात्र "उपयोग हुईल का?" हा प्रश्न आठवतो. मग आपणही पुराव्याची भाषा बोलू लागलो तर सासरच्यांच्या हाती आयते कोलीत मिळेल. तिचा राग खरा आहे. पैसा वाचवायला शास्त्राचा आडोसा घेणारी घरे मीही पाहिली आहेत. तरीही मला तिचे पटत नाही. ज्याने जीव वाचतो असे दिसलेले नाही ते मागणे हा समतेचा लढा होऊ शकत नाही. ज्याने वाचतो ते बाईला मिळत नाही, भांडण तिथे आहे.

आणि त्यात फार काही नाही. शॉकची शंका आली की तासाभरात शिरेतून योग्य अँटिबायोटिक. त्याआधी रक्ताचा नमुना. पहिल्या तीन तासांत वजनाच्या दर किलोला ३० मिलिलिटरच्या हिशेबाने सलाईन, बाळंतिणीत फुप्फुसाकडे लक्ष ठेवून. रक्तदाब टिकवणारे औषध. आणि घाणीचे मूळ लवकरात लवकर काढणे, पिशवी साफ करणे, पू काढणे. यातली सुरुवात ग्रामीण रुग्णालयातच व्हायला हवी, १०८ च्या गाडीत बसवण्याआधी. जतहून मिरज गाठायला दोन तास लागतात. पाटणच्या डोंगरातल्या वाडीवरून कराडला यायला पावसाळ्यात किती, ते वाडीवरल्यांना विचारा.

त्याच्याही आधीचे पाहा. व्हिएन्नात सेमेलवाइसने १८४७ साली डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतज्वराने मरणाऱ्या बायका काही महिन्यांत शंभरात अठरावरून दोनवर आल्या. आपल्या शेजारचेच उदाहरण द्यायचे तर बेळगाव आणि नागपूरची केंद्रे ज्यात होती तो सात देशांतला प्रयोग. २९ हजारांहून अधिक बायकांपैकी निम्म्यांना बाळंतकळा सुरू असताना अझिथ्रोमायसिनचा एकच डोस तोंडाने दिला. सेप्सिस किंवा मृत्यूचे प्रमाण शंभरात २.४ वरून १.६ वर आले. हा निकाल २०२३ चा. औषधांना जंतू सरावतात ही भीती आहेच, ती तज्ज्ञांनी तोलावी. पण एका डोसच्या किमतीची बेरीज गाळणीच्या किमतीशेजारी मांडून तर बघा.

गर्भपाताबद्दल एवढेच: कायदा १९७१ पासून आहे आणि तरी मार्च २०१७ मध्ये आपल्याच मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला एका २६ वर्षांच्या विवाहितेच्या मृत्यूनंतर ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. होमिओपॅथीचा डॉक्टर तिथे गर्भपात करीत होता. मुलगी नको म्हणून जे चोरून होते त्यातून ताप आला तर बाई तो कुणाला सांगणार?

खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी, असे महाराष्ट्रात २०२१ मध्ये सुधारलेले नियम सांगतात. गाळणीसाठी सही मागितली की कार्यकर्तीने तिथे उभे राहून चार गोष्टी लिहून मागाव्यात. मूत्रपिंडासाठी की विष काढण्यासाठी? घाणीचे मूळ काढले का? अँटिबायोटिक किती वाजता सुरू झाले? किंमत किती, आणि कशाच्या भरवशावर?

मातामृत्यूची चौकशी जिल्हाधिकाऱ्यांसमोर होते आणि नातेवाइकांना तिथे बोलता येते. सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांत या चौकशीत तासांचा हिशेब मागायचा असे मी बैठकीत मांडले आहे. पण मातामृत्यू मोजतात तो गरोदरपणात किंवा ते संपल्यावर ४२ दिवसांच्या आतला. फडात लघवीचा संसर्ग होऊन गेलेली ऊसतोडणी करणारी बाई, पिशवी काढल्यावर पू होऊन गेलेली, भाजून आठवड्याने गेलेली, यांच्यासाठी कुणीही बैठक बोलावत नाही.