परमुलखाचा परवाना

रायपूरच्या टाटीबंध चौकात पहाटे उभे राहिले, तर निम्मा देश आपल्या डोळ्यांसमोरून चालला आहे असे वाटते. मुंबई–कोलकाता महामार्गावरील मालमोटारी येथून भिलाईचे पोलाद, सिलतऱ्याचे लोखंड, बलौदाबाजारचे सिमेंट आणि छत्तीसगडचा तांदूळ घेऊन दूरदूर जातात. चहाच्या टपरीवर छत्तीसगढी, पंजाबी आणि भोजपुरीबरोबर नागपूर–भंडाऱ्याकडची मराठीही कानी पडते. या गप्पांत कधी ना कधी एक विषय निघतोच : 'बाहेर' जाण्याचा. बाहेर म्हणजे आखाती देशांत किंवा कॅनडात.

ही इच्छा गैर आहे, असे मला वाटत नाही. पोटासाठी मुलूख सोडणे ही माणसाची जुनी रीत आहे. रायपुरातील मराठी कुटुंबे तरी येथे कशी आली? कोणी नागपूरकर भोसल्यांच्या अमलात कारभारासाठी आले, तर कोणी पुढे नोकरीच्या शोधात. म्हणून प्रश्न जावे की जाऊ नये हा नाही. आपण कशावर स्वाक्षरी करून जात आहोत, हे जाणाऱ्याला ठाऊक असते काय, हा खरा प्रश्न आहे.

परदेशात गाडी चालवणाऱ्याचे जीवन किती अनिश्चित असू शकते, हे २००४ साली देशाने पाहिले. त्या वर्षी जुलै महिन्यात कुवेतमधील एका वाहतूक कंपनीच्या सात कर्मचाऱ्यांना इराकमध्ये ओलीस धरण्यात आले. त्यांत तीन भारतीय होते. सहा आठवड्यांनी सर्वांची सुटका झाली. परंतु तोपर्यंत पंजाब व हिमाचल प्रदेशातील त्यांच्या घरांवर काय गुजरली असेल, याची कल्पनाच केलेली बरी. नोकरी एका देशात आणि रस्ता दुसऱ्या, युद्धग्रस्त देशात, ही गोष्ट निघण्यापूर्वीच विचारून घ्यायची असते.

दुसरी गोष्ट परवान्याची. येथे वीस वर्षे अवजड वाहन चालवले, एवढे परदेशात पुरत नाही. आपल्या परिवहन कार्यालयातून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना एक वर्षापुरता असतो आणि तो मुख्यतः प्रवाशाच्या सोयीसाठी आहे. नोकरी करायची, तर त्या देशाची परीक्षा देऊन तेथील परवाना मिळवावा लागतो. आखाती देशांत आणि कॅनडात वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. हाताला लागलेले वळण नव्याने घडवावे लागते. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताने जुलै २०१७ पासून जोड-ट्रेलर चालवू इच्छिणाऱ्यांना किमान १०३.५ तासांचे प्रशिक्षण सक्तीचे केले. एप्रिल २०१८ मध्ये सस्कॅचेवान प्रांतात एका मालमोटारीने थांबण्याची खूण ओलांडली आणि खेळाडूंच्या बसशी झालेल्या धडकेत सोळा जीव गेले. त्यानंतर इतर प्रांतांनीही असे नियम केले. तेथे अनुभवाइतकेच अक्षराला आणि चिन्हाला महत्त्व आहे.

आता आपल्याकडचा कायदा पाहू. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीला आखाती देशांसह अठरा देशांत नोकरीसाठी जाताना सामान्यतः उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी लागते. करार, वेतन आणि विमा यांची तपासणी तेव्हा होते. नोंदणीकृत भरती एजंटाला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरील कर एवढेच सेवाशुल्क घेता येते. एजंटाची नोंदणी 'ई-मायग्रेट' या शासकीय संकेतस्थळावर पडताळता येते. जो एजंट लाखो रुपये मागतो, पावती देत नाही आणि पर्यटकाच्या व्हिसावर पाठवून "तिकडे गेल्यावर सगळे होईल" असे सांगतो, त्याच्यासाठी घरातील दागिना मोडू नये.

दहावी उत्तीर्ण झालेल्याला मात्र ही मंजुरी लागत नाही. याचा अर्थ अनेकजण 'कटकट गेली' असा लावतात. मला त्यात वेगळाच अर्थ दिसतो. हा माणूस आपला करार स्वतः वाचेल, असा विश्वास शासनाने त्याच्यावर टाकला आहे. संरक्षकाची जागा आता त्याच्या स्वतःच्या वाचनाने घ्यायची आहे. केवळ प्रमाणपत्र मिळाले आणि वाचनाची सवय लागली नाही, तर ही मोकळीकच घातक ठरेल.

व्यावसायिक वाहनचालकाला आठवी उत्तीर्ण असण्याची अट केंद्र शासनाने २०१९ मध्ये काढून टाकली. कुशल पण अशिक्षित माणसाची रोजी बुडू नये, हा त्यामागचा हेतू योग्यच होता. तरीही अट गेली म्हणून गरज गेली, असे होत नाही. देशात अडचण आली तर मालक, नातलग, गाववाले धावून येतात. परमुलखात वेतन किती, कामाचे तास किती, आजारपणाचा खर्च कोणाचा, परतीचे तिकीट कोण देणार, या प्रश्नांची उत्तरे हातातील कागदच देतो.

दिवसभर गाडी चालवून रात्री पुस्तक उघडणाऱ्या माणसाला कोणी विचारले, की "या वयात शिकून काय करणार?", तर त्याने निःसंकोच सांगावे, "सही करण्यापूर्वी वाचणार." परमुलखाचा पहिला परवाना कोणत्याही कार्यालयात मिळत नाही, तो आपला आपणच, अक्षर अक्षर जोडून मिळवायचा असतो.