लॉ क्लर्कचा अर्ज कोण भरतं?

कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या आपल्या मुलामुलींना पुढचा बेत विचारला, की साधारण तीन उत्तरं मिळतात: कोर्टात प्रॅक्टिस, न्यायाधीशपदाची परीक्षा, नाहीतर एखाद्या कंपनीत नोकरी. उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात लॉ क्लर्क व्हायचंय, असं सांगणारं क्वचितच भेटतं. मला हे खटकतं, कारण 20 मे 2025 पासून या कामाचं मोल वाढलं आहे.

त्या दिवशी तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह आणि न्या. के. विनोद चंद्रन यांच्या पीठाने एक निकाल दिला. दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) या पहिल्या पायरीच्या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट, जी 2002 मध्ये काढली गेली होती, ती परत आली. त्याच निकालात असंही म्हटलं आहे की ही वर्षं तात्पुरत्या सनदीच्या तारखेपासून मोजायची आणि लॉ क्लर्क म्हणून केलेलं काम त्यात धरायचं.

अटीमागचं कारण पटण्यासारखं आहे. ज्याने कोर्ट आतून पाहिलेलं नाही, त्याने माणसाच्या जमिनीचा आणि जामिनाचा निर्णय कसा करावा? पण ही तीन वर्षं कोणाच्या खिशातून जाणार, हाही प्रश्न आहे. ज्युनिअर वकिलांना शहरात दरमहा 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत, असं बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये सुचवलं. ती शिफारस आहे, सक्ती नाही. तालुक्याच्या कोर्टात सीनिअरच्या फायली वाहणाऱ्या मुलाला विचारा, महिन्याकाठी हातात काय पडतं. ज्याच्या घरात आधीच वकिली आहे, तो तीन वर्षं काढेल. गॅरेज किंवा बेकरीवर चालणाऱ्या घरातला मुलगा दुसऱ्या वर्षी दुसरं काम शोधेल. मुलीच्या बाबतीत तर घरचे तोवर स्थळं पाहू लागतात.

लॉ क्लर्कला मानधन मिळतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2025-26 च्या जाहिरातीत ते दरमहा 80,000 रुपये होतं. म्हणजे तीनातलं निदान एक वर्ष पोटाची चिंता न करता निघतं, आणि शिकायला मिळतं ते वेगळंच.

माझी मामेबहीण मराठवाड्यातल्या एका लॉ कॉलेजात शिकते. ती जाहिरात मी तिला पाठवली, तेव्हा मुदतीचे चार दिवस उरले होते. कॉलेजच्या फलकावर ती लागलीच नव्हती. मामू म्हणाले, "एलएलबी करून क्लार्कच व्हायचं होतं, तर बी.कॉम. काय वाईट होतं?" मामूंचा दोष नाही, नावच तसं आहे. पण हे काम कारकुनाचं नाही. लॉ क्लर्क न्यायमूर्तींसाठी याचिका वाचून टिपण काढतो, दोन्ही बाजूंचे मुद्दे मांडतो, जुने निवाडे शोधतो, निकालाचा मसुदा तपासतो. त्या काळात वकिली करता येत नाही आणि चेंबरमधली गोष्ट बाहेर बोलता येत नाही.

मी इंजिनिअर. आमच्याकडे प्लेसमेंटची तयारी वर्षभर आधी सुरू व्हायची. कुठली कंपनी कधी येते, काय विचारते, हे सीनिअर सांगून जायचे. ती माहिती आमच्या हुशारीइतकीच कामाला आली. लॉ कॉलेजातल्या आपल्या मुलांना हे सांगणारं कोणी नाही. म्हणून थोडं इथेच सांगतो.

सर्वोच्च न्यायालयाची निवड तीन टप्प्यांत होते: वस्तुनिष्ठ प्रश्न, लेखी उत्तरं आणि मुलाखत. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही अर्ज करू शकतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या जाहिरातीत एलएलबीची अंतिम परीक्षा पहिल्याच प्रयत्नात किमान 55 टक्क्यांनी उत्तीर्ण, किंवा एलएलएम, अशी अट असते. तेव्हा शेवटच्या वर्षातली एटीकेटी महागात पडते, हे आजच लक्षात घ्या. दोन्ही न्यायालयांची संकेतस्थळं डिसेंबरपासून दर आठवड्याला बघा, आणि अटी दरवेळी नव्याने वाचा.

लेखनाची तयारी फुकट होते. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर या संकेतस्थळावर मोफत आहेत. आठवड्याला एक निकाल घ्या आणि एका पानात लिहा: घटना काय, वाद कशाचा, दोन्ही बाजू काय म्हणाल्या, न्यायालयाने काय ठरवलं आणि का. हे इंग्रजीत लिहा, कारण वरच्या न्यायालयांचं काम इंग्रजीत चालतं. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिली दहा पानं जड जातील. तिसाव्या पानाला तुमचं तुम्हालाच कळेल. अधूनमधून उच्च न्यायालयात जाऊन मागच्या बाकावर बसा. कोल्हापूरला 18 ऑगस्ट 2025 पासून सर्किट बेंच सुरू आहे, त्यामुळे सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या मुलांना त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.

पण सगळं ओझं विद्यार्थ्यांवर टाकून चालणार नाही. उच्च न्यायालयाने ही जाहिरात मराठीतही काढावी आणि जिल्ह्याजिल्ह्यातल्या लॉ कॉलेजांना मुदतीच्या महिनाभर आधी पाठवावी. निवडीत लेखी परीक्षेलाही वजन द्यावं. नाहीतर शहरातली, ओळखीपाळखीतली मुलंच अर्ज करतील आणि पुढे न्यायाधीशपदाच्या रांगेतही तीच पुढे असतील. प्राचार्यांनी निदान फलकावर एक कागद लावावा.

फातिमा बीवी 1958 मध्ये केरळच्या कनिष्ठ न्यायसेवेत मुन्सफ झाल्या आणि 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती. खालच्या पायरीवरून वर जाता येतं, हे त्यांनी दाखवून दिलं. आता त्या पायरीच्या आधी तीन वर्षांची आणखी एक पायरी आली आहे. तिथे आपली मुलं गळू नयेत असं वाटत असेल, तर आपल्या वस्तीतल्या, नात्यातल्या प्रत्येक लॉच्या विद्यार्थ्याला या आठवड्यात एवढंच विचारा: लॉ क्लर्कची जाहिरात कधी निघते, ठाऊक आहे का?