तारा नांव ठेविलें, पुढें काय ?

आमच्या कुणबी, माळी, सुतार, कुंभारांच्या वस्तींत तारा नांवाची एखादी आत्या वा आजी नाहीं, असें गांव विरळा. बारशाला घुगऱ्या वाटल्या, पाळणा हलविला, कीं नांव ठेवण्याचें काम झालें असें आम्ही समजतों. त्या नांवाच्या तीन बायांची हकीकत आज आम्ही वाचक बंधुभगिनींपुढें ठेवितों.

पहिल्या ताराबाई सरसेनापति हंबीरराव मोहिते यांच्या कन्या व छत्रपति राजाराम महाराजांच्या राणी. १७०० सालीं सिंहगडावर महाराज वारले, तेव्हां त्यांचें वय पंचविशीच्या आंतबाहेर. औरंगजेब दक्षिणेंत ठाण मांडून बसलेला. बाईंनीं लहानग्या मुलास गादीवर बसवून कारभार हातीं घेतला व सात वर्षें बादशहाशीं झुंज दिली. तो किल्ले घेत पुढें जाई, मराठे मागून ते परत घेत. १७०७ सालीं तो अहमदनगराजवळ मेला. दिल्ली त्यास पुन्हां दिसली नाहीं. त्या फौजेंत घोड्यावर होतीं, तीं शेतकऱ्यांचींच मुलें.

दुसऱ्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरि कचेरींत कारकून व सत्यशोधक. त्यांनीं लेकीस घरींच शिकविलें. १८८१ सालीं सुरतेच्या एका ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली, आणि त्या निमित्तानें वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीस दोष देण्यांत आला. तेव्हां ताराबाईंनीं १८८२ सालीं 'स्त्रीपुरुषतुलना' छापून पुरुषांसच जाब विचारला. बायको मेल्यावर पुरुषास दुसरी करतां येते, मग विधवेलाच बंदी कां ? जोतीराव फुल्यांनीं त्यांची बाजू घेतली. पुढें तें पुस्तक विस्मरणांत गेलें, तें १९७५ सालीं पुन्हां छापलें तेव्हां लोकांपुढें आलें.

तिसऱ्या ताराबाई मोडक. १९४५ सालीं त्यांनीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डीस बालशिक्षणाचें काम मांडलें, पुढें अनुताई वाघांसह कोसबाडास नेलें. आदिवासी मुलांस गुरें राखायचीं, तीं शाळेंत येत ना. तेव्हां बाईंनीं शाळाच कुरणांत नेली. अंगणांत भरली ती अंगणवाडी.

या तिघींचीं नांवें राहिलीं, कारण त्यांच्या हातांत कांहीं तरी होतें : कारभार होता, विद्या होती, स्वतःचें काम होतें. रिकाम्या हाताचें नांव पाळण्याबरोबरच विरतें.

मग आमच्या घरच्या तारेचें आम्ही काय करतों ? लग्नांत तांदळाच्या ताटांत नवें नांव लिहून बापानें ठेविलेलें नांव पुसतों. १९९४ सालीं महाराष्ट्रांत व २००५ सालीं साऱ्या देशांत कायद्यानें लेकीस वडिलार्जित मिळकतींत लेकाइतका हक्क दिला. पण बाप गेल्यावर भाऊ बहिणीस बोलावून आणतो, साडीचोळी करतो, आणि हक्कसोडपत्रावर सही घेतो. जिला वर्षानुवर्षें अमक्याची आई, तमक्याची बायको म्हटलें, तिला त्या एका दिवशीं स्वतःचें पूर्ण नांव लिहावयास सांगतात !

कोणी म्हणेल, बहिणीस वांटा दिला तर दोन एकरांचे तुकडे होतील. चार भाऊ वांटणी करितात, तेव्हां तुकडे होत नाहींत काय ? कोणी म्हणेल, वांटा मागितला तर माहेर तुटेल. जें माहेर एका सहीवर टिकतें, तें माहेर कसलें ?

म्हणून आमचें सांगणें असें, कीं लेकीचें नांव तारा ठेवा वा दुसरें कांहीं. पण तें लग्नांत पुसूं नका. शाळेच्या पटावर चढविलें तसें सातबाऱ्यावरही चढवा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नांवापुढें आईचें नांव सरकारी कागदांत लिहावयाचें, असा महाराष्ट्र सरकारचा निर्णय आहे. कागदावर आई आली. आतां शेतावर लेक येऊं द्या.